दात सोडून काहीही

कवळीवाल्यांना स्वतःच्या कामाची निंदा करायची भारी हौस. माणूस दारात उभा राहायचा अवकाश, की यांचं सुरू. "काय करता, आमच्या नशिबात दुसऱ्यांचे दात! दिवसभर मान मोडायची, डोळे फोडायचे आणि जेवायला बसलं की ताटात पण प्लास्टरच दिसतं." एवढं बोलून ते क्षणभर थांबायचे. तो क्षण फार महत्त्वाचा. त्या क्षणात समोरच्याने म्हणायचं असायचं, "अहो, असं काय बोलता! तुमच्यासारखा हात आहे कुणाचा?" आणि समोरचा तसं म्हणायचाच. मग कवळीवाले मान खाली घालून "छे हो, कसला हात नि काय" असं पुटपुटायचे आणि त्यांचा तो दिवस झकास जायचा.

आता यात वाईट काय आहे? काहीच नाही. कौतुक सगळ्यांनाच लागतं. कुणी सरळ मागतो, कुणी वळसा घालून मागतो. कवळीवाल्यांचा वळसा जरा लांबचा होता, एवढंच. घोळ झाला तो दुसरीकडे. घरात एक पोर हे सगळं ऐकत वाढत होती आणि हा खेळ आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पोर लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. उशिरा आली, आईचे हाल हाल करून आली, म्हणून कवळीवाल्यांनी दवाखान्यातच तिचं नाव ठेवलं अक्कलदाढ. शाळेत तिला दुसरं, चांगलं नाव होतं म्हणे, पण ते फक्त हजेरीपुरतं. घरीदारी ती अक्कू.

घराच्या मागच्या खोलीत कवळीवाल्यांचं काम चालायचं. खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाचे तुकडे, कोरण्या आणि घासायचं यंत्र. ते यंत्र सुरू झालं की शेजारच्या घरातली मांजर पळून जायची. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. डॉक्टर लोक रोग्याच्या तोंडाचा ठसा पाठवायचे, कवळीवाले त्यावरून जबडा ओतायचे, मेणात एकेक दात कोरायचे, मग त्याचा साचा करून पक्का दात पाडायचे. गावभर लोक त्यांच्या दातांनी हसत होते, भांडत होते, एकमेकांवर दातओठ खात होते. कवळीवाले रस्त्याने निघाले की प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत जायचे. बायको म्हणायची, "समोर बघून चाला हो, लोकांना वाटेल तुम्ही वेडे आहात."

अक्कू लहान असताना त्या टेबलाखालीच पडलेली असायची. दोन जबडे घ्यायची आणि त्यांचं आपसात भांडण लावायची. पुढे तिची नजर तयार झाली. एकदा भर दुकानात तिने ठणठणीत आवाजात विचारलं, "बाबा, या काकूंचे पुढचे दोन दात त्यांचे नाहीत ना? रंग जुळत नाहीये." काकूंनी तोंड मिटलं ते मिटलंच. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कवळीवाल्यांची छाती मात्र फुगली, कारण पोरीचं म्हणणं सोळा आणे खरं होतं.

मग एके दिवशी तिने उरलेल्या मेणाच्या गोळ्यातून एक दाढ कोरली. उंचवटे, मधली खाच, सगळं जागच्या जागी. कवळीवाल्यांनी ती उजेडात धरली. आनंदाने त्यांना नाचावंसं वाटलं. आणि हा गृहस्थ बोलला काय? "अगं, हे कशाला शिकतेस? यात काय ठेवलंय? जा, अभ्यास कर. मोठी झालीस की काय वाटेल ते हो. दात सोडून काहीही!"

आणि सवयीने क्षणभर थांबले.

पण एवढ्याशा पोरीला काय माहीत, की या जागी आपण "असं काय बोलता बाबा" म्हणायचं असतं? ती बिचारी खरोखरच अभ्यासाला गेली. कवळीवाल्यांनी मेण वाया जाऊ नये म्हणून ती दाढ पातेल्यात टाकली आणि वितळून गेल्यावर उगाच कितीतरी वेळ पातेल्यात बघत बसले.

त्या दिवसापासून 'दात सोडून काहीही' हे घरातलं वाक्यच होऊन बसलं. अक्कूला गणितात चांगले गुण मिळाले, की "शाब्बास! दात सोडून काहीही!" ती मागच्या खोलीत डोकावली, की "इथे काय आहे? दात सोडून काहीही!" सांगून सांगून त्यांच्या स्वतःच्याच दाताच्या कण्या झाल्या. हळूहळू अक्कू डोकावायची थांबली.

असं करता करता तिचं शाळेचं शेवटचं वर्ष उजाडलं.

त्याच सुमाराला कवळीवाल्यांचा उजवा हात कधीकधी किंचित थरथरायला लागला. एका दुपारी ते दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे काम पोचवायला गेले, तेव्हा बाईंनी ते बरोबर हेरलं. "काका, तुमच्यानंतर कोण हो हे बघणार? माझ्या माहितीत तर दुसरं कुणी नाही." कवळीवाले नेहमीचं 'नशिबात दात' सुरू करणार होते. पण तोंडातून भलतंच निघालं. ते म्हणाले, "आहे की. मुलगी आहे ना!"

बोलले आणि स्वतःच चपापले. घरी येईपर्यंत त्यांना घाम फुटला होता. कारण त्यांच्या लक्षात आलं, की आपण इतकी वर्षं हेच धरून चाललो होतो. अक्कू मोठी होणार, एक दिवस हसत हसत मागच्या खोलीत येणार आणि म्हणणार, "बाबा, पुरे झाली तुमची नाटकं, सरका तिकडे." त्यांनी खिडकीपाशी आपल्या शेजारी तिच्यापुरती जागासुद्धा मोकळी सोडली होती. तिथे दुसरं काही ठेवलं की ते उचलून ठेवायचे, का ते स्वतःलाही विचारायचे नाहीत.

"मग सांगा की तिला सरळ," बायको म्हणाली. ती ग्रंथालयात कामाला होती. दिवसभर कुजबुजत बोलायला लागायचं, त्याची कसर ती घरी भरून काढायची. "आजवर बोललो ते सगळं खोटं, म्हणावं."

"मी कशाला सांगू? तिला कळायला नको?"

"कसं कळणार? तिने काय तुमच्या मनात शिरून बघायचं?"

"अगं, असं एकदम सांगितलं तर मी किती खोटा पडेन! हळूहळू वळवतो."

हळूहळू वळवायचं म्हणजे काय, तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना कवळीवाले छताकडे बघत म्हणाले, "तसं बघायला गेलं तर दातांचं काम काही वाईट नाही." अक्कूने कप खाली ठेवला आणि त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. "बाबा, बरं आहे ना तुम्हाला?" पुढे एकदा त्यांनी तिला प्लास्टरची पिशवी उचलायला मागे बोलावलं. म्हटलं, आली की बसवून घेऊ. ती म्हणाली, "बाबा, अभ्यास होता माझा." लगेच यांच्या तोंडून, "हो हो, बरोबर! आधी अभ्यास. हे काय, दगडमातीचं काम!" पिशवी त्यांनी स्वतःच उचलली आणि कमरेत उसण भरली. बायको हसून हसून बेजार झाली.

मग शाळेकडून निरोप आला. शेवटच्या वर्षाची आखणी आणि पुढच्या वाटा ठरवायला प्रत्येक मुलाची आईवडिलांसकट बैठक होणार. या शाळेची एक तऱ्हा होती. बैठकीत मुलाने स्वतःचा बेत स्वतः मांडायचा आणि त्याचं संपेपर्यंत पालकांनी चकार शब्द काढायचा नाही. मार्गदर्शक बाई त्याबाबतीत कडक. एका वडिलांना मध्येच राहवलं नाही, तर त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं, बूट न घालता आलेल्या मुलांच्या शेजारी.

"बरंच झालं," कवळीवाले म्हणाले. "तिचं बोलून झालं की मी बोलतो. सगळ्यांसमोर सांगतो. एकदाच काय तो सोक्षमोक्ष."

मार्गदर्शक बाईंची खोली छोटीशी. कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, त्याच्या पानांवर खरीखुरी धूळ. भिंतीवर मोठा तक्ता, त्यात मधोमध एक हसणारी मुलगी आणि तिच्या डोक्यातून चहूकडे बाण निघालेले. मुलीच्या वरच्या ओळीतला एक दात चित्रकाराने जास्तीचा काढला होता. कवळीवाल्यांना तो आल्या आल्या दिसला, पण बोलायची सोय नव्हती.

अक्कू उभी राहिली. वेण्या घट्ट, हात मागे. "माझे बाबा दात बनवतात," तिने सुरुवात केली. कवळीवाले सावरून बसले. वाटलं, अरे वा, आमच्यापासूनच!

"त्यांना हे काम अजिबात आवडत नाही. मी जन्मल्यापासून बघते. ते रोज सांगतात, पण हसत हसत सांगतात, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मला लहानपणी हे काम फार आवडायचं. टेबलाखाली बसून असायची मी. पण बाबांनी मला तिथून हाकललं. तेव्हा मला राग आला होता. आता कळतं, की जे त्यांना सोसावं लागलं ते माझ्या वाट्याला येऊ नये म्हणून त्यांनी ते केलं."

कवळीवाल्यांनी तोंड उघडलं. मार्गदर्शक बाईंनी बोट वर केलं. त्यांनी तोंड मिटलं.

"म्हणून मी ठरवलंय," अक्कू म्हणाली, "की मी यंत्रं शिकणार. तोंडाचा फोटो घेऊन आपोआप दात करणारी यंत्रं आताही आहेत, पण त्यांचे दात अगदीच ठोकळे असतात. बाबांच्या दाताची सर त्यांना नाही. मी असं यंत्र बनवणार, की त्याचा दात कुठला आणि बाबांचा कुठला, ते बाबांनासुद्धा ओळखता येणार नाही. मग कुणालाच बाबांसारखं आयुष्य काढावं लागणार नाही."

मार्गदर्शक बाईंनी रुमाल काढला. बायकोनेही काढला, पण तिने तो तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते आणि ते रडण्यामुळे नव्हते, हे कवळीवाल्यांना शेजारी बसून चांगलंच कळत होतं.

पुढे अक्कूने वर्षाचा बेत सांगितला. गणित, पदार्थविज्ञान, संगणक. वर्षअखेरीला परगावच्या मोठ्या महाविद्यालयात अर्ज. आणि वर्षभराचा प्रकल्प म्हणून बाबांच्या शेजारी बसून त्यांचा हात शिकणार, कारण यंत्राला शिकवायचं तर आधी आपल्याला यायला हवं.

"आता वडिलांनी बोलावं," बाई म्हणाल्या.

सोक्षमोक्ष करायला आलेल्या कवळीवाल्यांची दातखीळ बसली. लेकीचे डोळे चमकत होते. इतकी खूश ती त्यांना कित्येक दिवसांत दिसली नव्हती. आता या पोरीला, हिच्या बाईंसमोर, काय सांगायचं? की तू ज्याच्यावरून एवढा बेत आखलास ते सगळं मी कौतुक ऐकायला बोलत होतो?

"छान," ते म्हणाले. "फारच छान."

"प्रकल्पासाठी तुम्ही तिला शिकवाल ना?"

"शिकवीन की. पण त्यात शिकण्यासारखं आहे काय हो? नशिबात दात..." आणि सवयीने क्षणभर थांबले.

"बघितलंत ना बाई?" अक्कू हळूच म्हणाली. "हे असं."

घरी जाताना बायकोने रस्त्यात पोटभर हसून घेतलं. अक्कू पुढे मैत्रिणीबरोबर चालली होती. "घ्या! इतकी वर्षं जीव टाकत होतात ना? आली शेजारी बसायला."

"मला संपवायला येतेय ती."

"तुम्हीच शिकवलंत," बायको म्हणाली आणि मग तिचं हसू ओसरलं. "तिचा अर्ज जायच्या आत तरी तोंड उघडा. गेली की गेली."

तर अशी अक्कू पुन्हा मागच्या खोलीत आली. खिडकीपाशी त्यांच्या शेजारी बसली, हाताशी छोटा कॅमेरा आणि तोंडाला प्रश्नांची झड. ही खाच इथेच का? कोरणी तिरपी का धरली? म्हाताऱ्या माणसाचा दात मुद्दाम झिजलेला का करायचा? कवळीवाल्यांना असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. लोक फक्त 'हात कुणाचा' विचारायचे आणि निघून जायचे. आधी त्यांची जीभ अडखळली, मग जी सुटली ती सुटलीच. त्यांना माहीत असलेलं सगळं ते तिला सांगत सुटले. बोलताना कुठे नाटकाचा मागमूस नाही. बायको ग्रंथालयातून आली की दोघंही आत, दिवा पेटलेला, अंगावर सगळीकडे प्लास्टरची धूळ. खरं सांगायचं तर कवळीवाल्यांच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते. आणि पोरीच्या हातात जादू होती. यंत्राला शिकवायला म्हणून ती जे कोरत होती, ते बघून त्यांना रोज वाटायचं, आता सांगावं. रोज वाटायचं, आज नको, आजचा दिवस इतका छान चाललाय.

अर्जाची मुदत जवळ आली. बायकोने एका दुपारी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. तेवढं पुरलं.

"अक्कू."

"हं. बोला, कॅमेरा चालू आहे."

"बंद कर तो."

तिने बंद केला. कवळीवाल्यांनी हातातली कोरणी खाली ठेवली आणि थरथर दिसू नये म्हणून दोन्ही हात मांडीवर घेतले.

"मला हे काम आवडतं," ते म्हणाले. "फार आवडतं. पहिल्यापासून. सकाळी डोळे उघडले की आज कोणाचा दात, हे आठवून मला बरं वाटतं. मी आजवर जे बोललो ते... लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून बोललो गं. आणि तू लहानपणी ती दाढ कोरलीस ना, तेव्हा मला नाचावंसं वाटलं होतं. तू हे काम करावंस असं मला फार वाटतं. इथे, माझ्या शेजारी. जाऊ नकोस."

अक्कूचे डोळे भरून आले. कवळीवाल्यांच्या जिवात जीव आला. म्हटलं, सुटलो बाबा, कळलं पोरीला.

ती उठली आणि मागून त्यांच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली.

"आईने सांगितलं ना असं बोलायला? मी परगावी जाऊ नये म्हणून?"

"नाही गं, आईने कशाला..."

"कान बघा किती लाल झालेत तुमचे. खोटं बोलायला जमतच नाही तुम्हाला."

"अगं, खरं बोलतोय! देवाशपथ!"

"बाबा." तिने त्यांच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. "मला एकटीला जायची भीती वाटत असेल, असं समजून तुम्ही हे स्वतःवर घेताय. एवढा त्रास काढूनही म्हणताय, आवडतं म्हणून. मी इतकी लहान नाही आता. मी जाणार, शिकणार आणि तुम्हाला यातून सोडवणार. बघाच तुम्ही."

"मला सुटायचं नाहीये," कवळीवाले म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"तुम्ही असंच म्हणणार, माहितीये मला." तिने डोळे पुसले, जागेवर येऊन बसली आणि सकाळपासून कोरत असलेली दाढ त्यांच्यापुढे धरली. "ते राहू द्या. ही बघा. कशी झालीये?"

कवळीवाल्यांनी ती उजेडात धरली, फिरवून बघितली, प्लास्टरच्या जबड्यात बसवली, वरचा जबडा मिटून बघितला. चपखल बसली. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. चाळीस वर्षं कोरूनसुद्धा त्यांना अशी दाढ मोजक्याच वेळा जमली होती.

"उत्तम," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगली झालीये."

अक्कूचा चेहरा उतरला. "बाबा, असं नका ना करू. मला शिकायचंय. खरं सांगा, काय चुकलंय?"

ती तशीच थांबली होती, मान वर करून, कान टवकारून. त्यांनी दाढ पुन्हा उजेडात धरली.

"हा एक कोपरा," ते सावकाश म्हणाले, "जरासा उंच झालाय."

"तरी मला वाटतच होतं!" तिचा चेहरा खुलला. "असं सांगा ना!" तिने कोरणी उचलली, दाढेवर वाकली आणि तो कोपरा खरवडून टाकला.

"आता?" तिने विचारलं.

"आता ठीक आहे," कवळीवाले म्हणाले.